आतली लाट
(मनन : मार्क 4:35-41)



लाट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावर फुटणारी फेसाळ लाट येते. पण समुद्राच्या पोटातही लाटा असतात, आणि त्या वरच्या लाटांपेक्षा कितीतरी मोठ्या असू शकतात. वरून पाहणाऱ्याला मात्र त्यांचा पत्ताही लागत नाही. या रविवारी ह्या लाटांच्या निमित्ताने आपण आपल्या अंतःकरणाकडे पाहू या.

एका बाटलीत अर्धे पाणी घाला, त्यावर काठोकाठ गोडेतेल भरा, बूच लावा आणि बाटली आडवी धरून हळूच हलवा. तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे लाट हेलकावताना दिसेल. समुद्रातही असेच थर असतात. वर उन्हाने तापलेले हलके पाणी, खाली थंड आणि जड पाणी. दोन्हींच्या वजनात फरक अगदी थोडा असतो, म्हणून थोड्याशा धक्क्यानेही खालचे पाणी खूप उंच उचलले जाते.

आपल्या अरबी समुद्रातही हे घडते. लोणावळ्याच्या पठारावरून खंडाळ्याच्या घाटात जमीन जशी एकदम उतरते, तसाच किनाऱ्यापासून दूर समुद्राचा उथळ तळ एके ठिकाणी खोल उतरतो. भरती-ओहोटीचे पाणी दिवसातून दोनदा त्या उतारावर आदळते आणि आतले थर वर-खाली होऊ लागतात. 1966 साली स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ पाण्यात यंत्रे सोडून ह्या हालचाली मोजतात. अंदमानच्या समुद्रात तर अशा लाटा 60 मीटर आणि त्याहूनही उंच उठतात. म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारत! तरी वरून जाणाऱ्या खलाशाला दिसतो तो फक्त खळबळलेल्या पाण्याचा एक पट्टा.

आता गालील सरोवराकडे येऊ. समुद्रसपाटीच्या सुमारे 210 मीटर खाली असलेल्या ह्या सरोवरातही आतल्या लाटा आहेत. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, वरचे कोमट पाणी पूर्वेकडे ढकलतो आणि पश्चिमेला खालचे थंड पाणी वर चढते. रात्री वारा पडतो, वरचे पाणी शांत होते. पण आतला झोका थांबत नाही. वारा गेल्यावरही तो सरोवरभर फिरत राहतो.

याच सरोवरावर एका संध्याकाळी शिष्यांची होडी वादळात सापडली. प्रभू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता. शिष्यांनी त्याला उठवले, त्याने वाऱ्याला धमकावले आणि सारे शांत झाले. संत मार्कने ग्रीक भाषेत हा प्रसंग लिहिताना 'मोठे' हा शब्द तीन वेळा वापरला आहे : मोठे वादळ, मोठी शांतता, आणि शेवटी मोठे भय. पाणी निवळले तरी शिष्यांचे अंतःकरण हेलावतच होते. म्हणूनच वारा थांबल्यावर प्रभू त्यांच्याकडे वळला आणि त्यांच्या भित्रेपणाविषयी, त्यांच्या विश्वासाविषयी त्याने विचारले. वरची लाट त्याने एका शब्दात शमवली. आतल्या लाटेसाठी मात्र त्याने प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने भित्र्या भयाची जागा देवासमोरच्या आदरयुक्त भयाने घेतली, आणि हा आहे तरी कोण, असे ते एकमेकांना विचारू लागले.

आपल्या इंदुरीकरांना हे वेगळे सांगायला नको. 15 जून 2025 च्या रविवारी कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला. 4 जणांचे प्राण गेले, कित्येक जखमी झाले. त्या दिवशीचे इंद्रायणीचे पाणी केव्हाच वाहून गेले. बातम्या थांबल्या, गर्दी पांगली. पण ज्यांनी आपले माणूस गमावले, ज्यांनी तो आवाज ऐकला, त्यांच्या आतला झोका वाऱ्याबरोबर थांबलेला नाही. तसेच एमआयडीसीतले कंत्राट संपले आणि घरी खरे सांगता आले नाही असा बाप, मूल गमावलेली आई, परीक्षेत मागे पडलेला मुलगा. ही माणसे मिस्साला येतात, आपल्याला पाहून हसतात, शांतीची खूण देतात. वर पाणी संथ असते.

अशा माणसाला आपण पटकन आळशी म्हणतो. इथे एक गोष्ट ऐका. 1893 साली नॅन्सेन नावाचा नॉर्वेचा संशोधक 'फ्राम' जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. वाटेत एके ठिकाणी समुद्र शांत असून, इंजिन पूर्ण जोरात चालू असून जहाज जेमतेम पुढे सरकेना. कारण पुढे एकमान या शास्त्रज्ञाने 1904 साली उलगडून दाखवले. खाऱ्या पाण्यावर वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर होता आणि जहाजाची सारी शक्ती त्या दोन थरांमध्ये लाटा उठवण्यात खर्च होत होती. इंजिनात दोष नव्हता, खलाशीही आळशी नव्हते. बंधू-भगिनींनो, घरात जो माणूस कामाला हात लावत नाही, ज्याची प्रार्थना ओठांवर येत नाही, त्याची शक्ती कुठे खर्च होते आहे हे आपण कधी विचारले का?

संत ऑगस्टीनने ह्याच प्रसंगावर प्रवचन करताना सांगितले की, आपल्या हृदयाची होडी हेलकावते, कारण आपल्यातला ख्रिस्त झोपलेला असतो. त्याला जागे करा. जागे करणे म्हणजे काय? शिष्यांनी सुंदर प्रार्थना रचली नाही. त्यांनी तक्रार केली, ओरडले. प्रभूने ती तक्रार ऐकली. तुम्हीही तुमचे जसे आहे तसे त्याच्यापुढे मांडा. प्रायश्चित्त संस्कारासाठी या. आणि पाप नसून नुसते दुःख असेल तरीही या. दुःख हे पाप नव्हे. डॉक्टरांकडे जाणे हीदेखील विश्वासाची उणीव नव्हे. शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या 14416 ह्या क्रमांकावर मनातले बोलता येते.

आणि ज्यांच्या होडीत आज शांतता आहे त्यांनी एक करावे. मिस्सा संपल्यावर लगेच गाडीला किल्ली लावू नये. शेजारच्या बाकावरच्या माणसाला "कसं काय, बरं ना?" असे विचारून पुढे न जाता, उत्तर ऐकायला दोन मिनिटे थांबावे.

समुद्राच्या आतल्या लाटा फुटतात तेव्हा खोल तळातले खतपाणी वर उजेडात येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर मासळी जगते. आपल्या खोलातले दुःखही प्रभूच्या उजेडात आले तर ते वाया जात नाही. ज्याने ते भोगले तोच उद्या दुसऱ्याच्या होडीत आधार होऊन बसतो.

प्रभू आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या होडीत आहे. त्याला उठवायला लाजू नका. देव तुम्हांला आशीर्वादित करो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू