रुग्णाचा सब्र आणि आपली इयादत

कर्करोगाचे निदान झालेल्या बांधवाला ‘सब्र करा’ एवढे सांगून आपण परततो. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपली वेदना अल्लाहपुढे बोलून दाखविली, तरीही पवित्र कुरआनने (३८:४४) त्यांना सब्र करणारेच म्हटले. मग रुग्णाच्या अश्रूंना ईमानची उणीव कसे म्हणावे? आशा लादता येत नाही. ती सोबतीने येते. प्रेषितांनी (स.) उपचार घेण्यास सांगितले आहे, पण हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावहून मुंबईत परळचे, १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय गाठायचे, आणि तेही वारंवार! दर फेरीला बरोबर जाणारा मित्र हवा, मागे मुलांची शाळा पाहणारा शेजारी हवा. तुमच्या मोहल्ल्यातील रुग्णाची पुढची तारीख तुम्हाला ठाऊक आहे काय?