मास्क आणि घास

‘जेवलास का?’ हा आपल्याकडचा माया दाखवणारा सगळ्यात सोपा प्रश्न. मग डबा घेऊन आलेल्या घरच्यांना आयसीयूच्या दारावर ‘पेशंटला काही देऊ नका’ असं सांगितलं, तर त्यांनी त्या मायेचं काय करायचं?

चंद्रपूर-गडचिरोलीत फुप्फुसं झिजवायला कारणं भरपूर आहेत: चुलीचा धूर, बिडी, कोळशाची धूळ. सीओपीडीच्या रुग्णाची धाप वाढली आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, की बायपॅप लावतात. घशात नळी न घालता, घट्ट बांधलेल्या मास्कमधून मशीन दाबाने हवा आत ढकलतं.

पण घास द्यायचा तर मास्क काढावा लागतो. थोडी हवा पोटातही जाते, पोट फुगतं. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरू शकते. नाकातून अन्नाची नळी घातली तर मास्कच्या कडेने हवा गळते. शिवाय तब्येत बिघडून घशात नळी घालायची वेळ आलीच, तर पोट रिकामं असलेलं बरं. म्हणजे उपाशी ठेवणं हा निर्दयपणा नाही.

पण उपासही फुकट पडत नाही. आजारी शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं, त्यात श्वासाचेही आले. ज्यांच्या जोरावर मशीन सुटायचं, तेच थकतात. म्हणूनच युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या ‘एस्पेन’ या संस्थेची 2019ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की गंभीर रुग्णाला तोंडाने खाता येत नसेल आणि दुसरी अडचण नसेल, तर 48 तासांच्या आत नळीने अन्न सुरू करावं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ‘तात्पुरतं’ म्हणून केलेलं सेटिंग वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं, कारण ते बदलायचं काम कुणाच्याच नावावर नसतं. ‘काही देऊ नका’चंही तसंच होऊ शकतं. पहिल्या दिवशी तो निर्णय असतो, तिसऱ्या दिवशी नुसती सवय. खायला द्यायला कारण लागतं, तसं न द्यायलाही रोज नवं कारण लागायला हवं.

ते विचारणार कोण? मास्कमागच्या माणसाला नीट बोलता येत नाही. भामरागडहून आलेल्या, माडिया बोलणाऱ्या बायकोने विचारलं, तर ‘तुम्हाला काय कळतं?’ हे उत्तर तयारच असतं. पण याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या सुईणींच्या हाती मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन दिलं. बाळाचे श्वास मोजून त्या न्यूमोनिया ओळखू लागल्या. श्वास मोजणं ही डॉक्टरांची मक्तेदारी राहिली नाही, मग भुकेबद्दल विचारणं तरी का असावी?

नर्सची नजर चुकवून मास्कखालून चमचाभर पेज भरवणं ही माया नाही, तो जिवाशी खेळ आहे. पण प्रश्न झटकून टाकणं हेही विज्ञान नाही. घरच्यांनी एवढं तरी रोज विचारावं: आज का नाही? पुन्हा कधी बघणार? थोडा वेळ मास्क काढून दोन घास जमतील का?

उत्तर ‘नाही’ असू शकतं. ते आजचं असावं, परवाचं नको.