लग्नातील वस्तूंचे छायाचित्र

विवाहप्रसंगी वधूवरांचे छायाचित्र घ्यावे, यात आता कोणास नवल वाटत नाही. परंतु वधूवर बोहल्यावर चढण्यापूर्वी त्यांच्या केवळ वस्तूंचीच, म्हणजे अंगठी, मंगळसूत्र, जोडे, पत्रिका यांची, निरनिराळी छायाचित्रे घेण्याची जी रीत अलीकडे आपल्या मध्यमवर्गात शिरली आहे, तिच्याविषयी ‘हौस’ किंवा ‘थेर’ यांपैकी एक शब्द उच्चारून सुज्ञ लोक मोकळे होतात. आम्हीही दुसरा शब्द उच्चारणाऱ्यांतलेच होतो. मात्र गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नात या वस्तूंची तयारी करण्याचे काम आमच्याकडे आले, आणि त्यातून एक प्रश्न असा निघाला की त्याचे उत्तर आम्हांस अद्याप पुरते सापडलेले नाही.

लग्न वाडीस होते. नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यास लागले की हे गाव येते. मालमोटारींचे तळ, गुदामे, जवळच अंबाझरीची आयुधनिर्माणी, आणि या सर्वांच्या मधून उठलेली मंगल कार्यालये असा त्याचा थाट आहे. छायाचित्रकाराने चार दिवस आधीच भ्रमणध्वनीवर एक याद धाडली होती. अंगठ्या, मंगळसूत्र, नथ, जोडवी, मुंडावळ्या, वराचे घड्याळ व जोडे, अत्तराची कुपी, पत्रिकेच्या दोन प्रती (एक दर्शनी बाजूसाठी, एक आतल्या मजकुरासाठी), हे सर्व एका पेटीत भरून एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावे. पत्रिकेस घडी पडू देऊ नये. जोड्यांच्या तळव्यांवरील किमतीच्या चिठ्ठ्या काढाव्या. अंगठी आदल्या दिवशी धुवावी. वधूस मांडवात आणण्यापलीकडे मामास लग्नघरात काम नसते, म्हणून ती पेटी आमच्या स्वाधीन झाली.

आम्ही अंगठी कोमट पाण्यात साबणाचा फेस करून मऊ ब्रशाने घासली. नथ मोत्यांची, तिला साबण वर्ज्य, म्हणून ती ओलसर मलमलीने केवळ टिपून घेतली. जोडवी रिठ्याच्या पाण्यात घातली. हे सर्व करीत असता आमच्या मनात आले की वस्तू मांडून दाखविणे आपणांस नवीन थोडेच आहे? रुखवत म्हणजे तरी काय? फरक असला तर इतकाच की रुखवतापुढे उभी राहिलेली बाई ‘हे कोणी केले?’ असे विचारते, आणि करणारी तेथेच कोठेतरी लाजत उभी असते.

आणि यादीचे म्हणाल तर लग्न ठरतानाची याद हा आपल्या समाजातील एक जुना व पुष्कळदा दुःखद कागद आहे. १९६१ च्या कायद्याने हुंडा निषिद्ध ठरला. परंतु त्याच कायद्याखाली १९८५ साली जे नियम झाले, त्यांनी विवाहातील भेटवस्तूंची याद लिहून ठेवावी असे उलट सांगितले आहे. तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजी किंमत, देणाराचे नाव व त्याचे नाते ही नमूद करून वधूवरांनी सही करावयाची असते. ही याद लिहिणारे किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. छायाचित्रण नुकतेच जन्मास आले होते तेव्हा टॅल्बट या इंग्रज संशोधकास असाच विचार सुचला होता. १८४४ पासून भागशः निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याने फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे चित्र घातले, व ती भांडी चोरीस गेलीच तर हे चित्र न्यायासनापुढे मुका साक्षीदार म्हणून उभे राहील असे म्हटले. वस्तूचे चित्र म्हणजे वस्तूची साक्ष, हा अर्थ तेव्हापासूनचा आहे. मग साक्ष खोटी असू नये, एवढे तरी मागणे आले.

येथे आमची पहिली अडचण उभी राहिली. पेटीतील अत्तराची कुपी भाचीच्या एका मैत्रिणीची होती. तीत अत्तर जेमतेम तळाशी उरले होते. पण काच सुंदर, आणि यादीत कुपी हवी होती. उसने दागिने घालून मिरविणे आपल्याकडे पूर्वीही चाले. परंतु शेजारणीच्या पाटल्या शेजारणीच्या आहेत हे निम्म्या मांडवास ठाऊक असे, आणि दुसऱ्या दिवशी त्या परत जात. छायाचित्र परत जात नाही. नातवंडे ती कुपी आजीचीच समजणार. आम्ही ती बाहेर काढली; भाची किंचित हिरमुसली, पण रागावली नाही.

मंगळसूत्राविषयी निराळाच आक्षेप निघाला, तो भाचीच्या आजीकडून. ‘बांधण्याआधी ते मंगळसूत्र नव्हेच, ती नुसती पोत!’ असे त्या म्हणाल्या. एक वाटी माहेरची, एक सासरची. दोन्ही सराफाकडूनच एकत्र ओवून आलेल्या. म्हणजे दोन घरे जुळण्यापूर्वीच वाट्या जुळल्या होत्या. आम्हांस हा आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड वाटला. त्या घटकेस पेटीतील कोणतीच वस्तू अद्याप स्वतः झालेली नव्हती. तथापि आक्षेप घेऊनही आजीबाईंनी ती पोत चष्मा लावून मण्यामण्याने तपासली, व एक मणी चिरलेला निघाला तो बदलून आणविला.

पेटी भरत आली तेव्हा आमच्या भगिनीने पदराआडून चांदीचा एक करंडा काढून तीत ठेवला. तो आमच्या मातोश्रींचा. खाली कुंकू, वर मेणाचा चिमुकला कप्पा; आधी मेणाचा ठिपका, मग त्यावर कुंकू, अशी त्यांची पद्धत होती. झाकणास एका अंगास पोचा आहे. तो आम्ही सातव्या वर्षी पाडला. करंड्याचा भोवरा करून आम्ही तो फरशीवर फिरविला होता. त्याबद्दल मिळालेला प्रसादही स्मरतो.

छायाचित्रकार तरुण व विनयशील होता. तो म्हणाला, ‘काका, वस्तू छान आहे, पण पोचा फार दिसेल.’ इतवारीतला कोणीही कारागीर तो तासाभरात काढून देईल, असेही त्याने सुचविले. भाचीने आमच्याकडे पाहिले. भगिनी एवढेच म्हणाली, ‘दादा, पोचा काढायचा तर मग नवाच करंडा आणा.’

आता गंमत अशी की याच भगिनीने आदल्या रात्री तो करंडा रिठ्याने व रांगोळीने घासून लख्ख केला होता. पन्नास वर्षांचा काळेपणा गेला तर तिला चालला. पोचा गेलेला चालेना. हे कसे? आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. काळेपणा हवेने आणला, तो कोणत्याही चांदीवर येता. पोचा एका माणसाने आणला, तो याच करंड्यावर आहे. वस्तूवर जे कोणाचेच नाही ते पुसावे. जे कोणाचे तरी आहे ते पुसण्याचा अधिकार आपणांस नाही. सरकारी यादीत देणाराचे नाव व नाते मागितलेले असते, छायाचित्रकाराच्या यादीत ते नसते. पोचा हे करंड्याच्या बाबतीत त्या नावाच्या रकान्याचे काम करतो. हा सिद्धांत आम्हांस इतका आवडला की आम्ही तो वरपक्षाकडील एका प्राध्यापक गृहस्थांस जेवणाच्या पंगतीत ऐकविलाही.

प्रत्यक्षात मात्र खिडकीशी मांडणी झाली तेव्हा छायाचित्रकाराने करंडा घेतला, पण पोचा मागच्या बाजूस वळवून, आणि उघड्या करंड्यास टेकून अंगठी उभी केली. आम्ही शेजारीच उभे होतो. कूलरचा आवाज मोठा होता, मुहूर्तास तास उरला होता. आम्ही काही बोललो नाही.

महिन्याभराने छायाचित्रे आली. अंगठीचे चित्र मोठे करून पाहता खड्याच्या कोंदणात कुंकवाचा एक कण अडकलेला स्पष्ट दिसतो. छायाचित्रकार तो पुसून द्यावयास तयार आहे. भाची म्हणते, राहू द्या, तो आजीच्या करंड्यातला आहे. भगिनी म्हणते, पुसा. लोक म्हणतील, अंगठी धड धुतलीसुद्धा नाही. ती आम्हीच धुतली होती, हे दोघींसही ठाऊक असल्यामुळे आमचे मत कोणी विचारीत नाही.