रिचार्जचा अधिक महिना

पंचांगात अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. मोबाइलच्या हिशेबात तो दर वर्षी येतो. २८ दिवसांच्या पॅकने वर्ष काढायचे तर रिचार्ज बारा नव्हे, तेरा मारावे लागतात. रोज दीड जीबी नेट देणारा २९९ रुपयांचा पॅक धरला, तर एका नंबरमागे वर्षाला ३,८८७ रुपये होतात. घरात चार नंबर असतील तर साडेपंधरा हजारांच्या वर. धोंड्याच्या महिन्यात निदान जावयाला अनारसे तरी मिळतात.

तरीही स्मार्टफोन घरात आला तो बचतीच्या नावानेच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि नेटचे दर कोसळले. नंदुरबार-शहाद्यासारख्या गावांतल्या ज्या घरांत लँडलाइन होती, तिथे ती आता कशाला, असा प्रश्न पडला. पुढे केबलचीही तीच गत झाली. बॅटरी, रेडिओ, कॅमेरा, घड्याळ, कॅलेंडर सगळे एका खिशात आले. सातपुड्यातल्या बहुतेक घरांना तर काढून टाकायला लँडलाइन नव्हतीच. तिथले लोक एसटीडी बूथवरून थेट मोबाइलवर आले.

वस्तू कमी झाल्या, बिले कमी झाली. मग याला अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त न बाळगण्याचे व्रत, म्हणायचे का?

प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली. गरज नसताना वस्तू जवळ बाळगणे त्यांनी चोरीच्या पंगतीत बसवले. दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. नंदुरबार तेव्हा धुळे मुख्यालय असलेल्या पश्चिम खानदेशात होते, म्हणजे ही प्रवचने घरचीच. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी, असा विनोबांचा आग्रह होता. या आतल्या जोडीला ते विकर्म म्हणत. या कसोटीवर केबल तोडणे हे झाले कर्म. तोडल्यावर मोकळा झालेला वेळ आणि मन कुठे गेले, हे विचारायचे राहूनच जाते.

जैन परंपरेने गृहस्थासाठी हा प्रश्न जास्त व्यवहारी केला. साधूने सर्वस्व सोडावे, पण श्रावकाला परिग्रह-परिमाण व्रत असते. जमीन, धन, धान्य किती ठेवायचे याची मर्यादा त्याने आधीच, स्वतःच्या तोंडाने ठरवायची. नेटच्या पॅकमध्येही मर्यादा असते, पण ती ठरवते कंपनी, आणि तिचा परिणाम उलटा होतो. दीड जीबी रात्री बाराला संपते, उरलेले उद्याच्या खात्यात जात नाही. मग ताटात टाकू नये असे शिकवून वाढवलेले मन उरलेले नेट ‘वाया जाऊ नये’ म्हणून अकरा वाजता रील बघत बसते. काटकसरीच्याच संस्काराने माणूस जास्त वापरायला लागतो, यासारखी हुशार योजना सावकारांनाही सुचली नव्हती.

इथवरचे सगळे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत किंवा दक्षिणेकडच्या कारखान्यांवर जातात. पाड्यावर राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबर घ्यायला पूर्वी एसटीचे भाडे भरून दिवसाचा रोज बुडवावा लागे. आता रेंज असेल तर व्हिडिओ कॉलवर नातवंडे दिसतात. ही बचत खरी आहे आणि तिच्यापुढे अपरिग्रहाचे प्रवचन झोडणे उद्धटपणाचे ठरेल.

आणि नको म्हणायची सोय तरी कुठे उरली आहे? २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डे वाटली गेली ती शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. त्यानंतर एकेक सरकारी दार फोनमधून उघडू लागले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी ॲपवर, फोटो काढून, घेणे सक्तीचे झाले. अंगणवाडी सेविकांना सरकारने फोन दिले, पण ते इतके कुचकामी निघाले की ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत करण्याचे आंदोलन केले. ॲपही इंग्रजीत होते. कुपोषणाने गाजलेल्या नंदुरबार जिल्ह्यात मुलाचे वजन घेणारीला आधी फोनशी झुंजावे लागत होते. ज्याला एखादी वस्तू नाकारता येते, त्यालाच ती त्यागता येते. हजेरीच फोनवर लागत असेल, तर फोन नसणे याला वैराग्य म्हणत नाहीत, खाडा म्हणतात.

म्हणून एकट्या माणसाच्या संयमावर हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही. या जिल्ह्यातला त्यागाचा इतिहासही एकट्याचा नाही. १९२२ मध्ये देवीच्या चळवळीने दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात दारू सोडायला लावली. देवी अंगात आलेल्यांच्या तोंडून आज्ञा निघत, पण घाव बसे तो दारूच्या गुत्तेदारावर. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी आरतीसाठी हजारो भिल्लांना एकत्र आणले. दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या मागे रामदास महाराजांनी काम पुढे नेले. या चळवळींत मोक्ष आणि कर्जमुक्ती वेगळ्या काढताच येत नाहीत. काठी गावच्या राजवाडी होळीआधी मोरखी आणि बावा ही सोंगे घेणारे पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात तीही मोजक्या दिवसांची आणि सगळ्यांच्या देखत. 

फोनच्या बाबतीत अशी पालनी कोणी केली का? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने केली. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. गावाने फोन फेकले नाहीत, फक्त वेळेची हद्द आखली, आणि ती कंपनीने नव्हे, ग्रामसभेने. श्रावकाचे व्रत गावाने घेतले म्हणा ना. एकाच घराने हे केले असते तर शेजारच्या टीव्हीच्या आवाजात ते आठवडाभरही टिकले नसते.

खर्चाच्या बाजूनेही सामाईकपणाचाच हिशेब जुळतो. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले स्वस्त पर्याय द्यायला लावले. ते आले तेव्हा दर ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला दोन हजारांच्या आत. घरात एकच नेटचा रिचार्ज, बाकीच्यांना साधा पॅक, लागेल तेव्हा हॉटस्पॉट. या हिशेबाने तीन नंबरांमागे वर्षाला साडेपाच हजारांच्या वर वाचतात.

पण इथे एक गोम आहे. नेटचा तो एक फोन कोणाच्या हातात राहणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. ‘घरात एक पुरे’ हे ठरते तेव्हा पुरे होते ते बहुधा बाईचेच. तिने सोडले की ते समंजसपण, आणि पोराने सोडले तर घरभर कौतुक. अपरिग्रहाचा विचार मांडणाऱ्यांनी वस्तूंची मोजणी पुष्कळ केली, पण घरातल्या घरात त्यागाची वाटणी कशी होते याकडे त्यांचे लक्ष कमीच गेले.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि दरमहा दीड हजार रुपये बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. पुढच्या वर्षी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागू लागला. पैसे जमा झाल्याचा मेसेज यायला स्मार्टफोन लागत नाही, बटणांच्या फोनवरही तो येतो. फक्त बँकेत दिलेला नंबर तिचा हवा.