एअरबॅग उघडली नाही, हे सिद्ध कोणी करायचे?

मोटारीच्या बहुतेक भागांची पारख मालकाला रोजच्या वापरात होत असते. ब्रेक कमी लागतो, क्लच घसरतो, आणि पेणहून वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड असे करीत कोलाडमार्गे रोह्याला जाणाऱ्याला सस्पेन्शनमधील दोष तर रस्ताच दाखवून देतो. एअरबॅगला मात्र धडकेच्या वेळी, सेकंदाच्या अगदी लहान अंशात, एकदाच काम करायचे असते, आणि ती निकामी असल्याचे कळते ते इजा झाल्यावर. त्यामुळे अशा भागांबाबत उत्पादकाची जबाबदारी ठरवताना पुराव्याचा भार कोणावर, हाच कळीचा मुद्दा ठरतो.

ह्युंदाई मोटर इंडियाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2022 रोजी दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 2015 मध्ये घेतलेल्या क्रेटा गाडीला 2017 मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि मालक जखमी झाला. त्या उघडण्याइतका समोरून आघात झालाच नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. तथापि वेग आणि बल यांची गणिते मांडणारा भौतिकशास्त्राचा जाणकार ग्राहकाने असावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे सांगून न्यायालयाने भरपाईचा व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. हे न्याय्यच झाले, कारण आघाताची नोंद ज्या नियंत्रक यंत्रात राहते ते उलगडण्याची साधने आणि ज्ञान सहसा उत्पादकापाशीच असते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याची जबाबदारी, स्पष्ट शब्दांत मान्य केली. शिवाय तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार नोंदवता येत असल्याने रोह्याच्या मालकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही, अलिबागचा जिल्हा आयोग पुरतो. मात्र दोष प्रयोगशाळेत तपासावा लागला तर त्याचे शुल्क आयोग तक्रारदारालाच आधी भरायला सांगू शकतो, आणि सुरक्षेच्या भागांबाबत ही तरतूद उलटी असायला हवी. अर्थात मालकाचीही बाजू स्वच्छ हवी. गाडीपुढे लोखंडी गार्ड बसवून घेणाऱ्याने आघात ओळखण्याच्या यंत्रणेत स्वतःच अडथळा आणलेला असतो.

कोकणाला अधिक लागू पडते ते ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण. त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडत असे, मग ते स्फोटासारखे जळून धातूचे कवच फुटे आणि तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे 2021 पासून लागू झालेले सक्तीच्या रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचे, नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांपुरते आहेत. दमट हवेत हळूहळू पिकणाऱ्या दोषाला ही मुदत अपुरी आहे, आणि तिचा फटका मुंबईत वापरून झालेली जुनी गाडी पेणला विकत घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला बसतो, कारण तिच्यावर सक्ती उरलेली नसते, आणि कंपनीने स्वतःहून पत्र पाठवलेच तरी ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाण्याची शक्यता अधिक असते.