रस्ता सर्वांचा, मग पायी चालणारा कुणाचा?



माझ्या भाचीला आठवीत सायकल मिळाली. मानव विकास योजनेतली. शाळा गावापासून चार किलोमीटर. पहिले आठ दिवस पोरगी हवेत होती. नवव्या दिवशी सायकल हातानं ढकलत घरी आली, दोन्ही गुडघे फुटलेले. मागून कोळशाचा ट्रक आला, हॉर्न वाजवला, ही घाबरून डांबरावरून खाली उतरली. डांबर आणि मुरूम यांच्यामधी वीतभर उंचीची कड. चाक घसरलं. ट्रक थांबला नाही. थांबायचं त्याला कारणच नव्हतं, त्याचा धक्काही लागला नव्हता. ताई म्हणाली, "उद्यापासून पायी जाजो." पण पायी जायलाही रस्ता तोच!

यात कुणी जातीवरून शिवी दिली नाही. 'इकडून येऊ नका' अशी पाटी नाही. रस्ता सर्वांना खुला आहे. मग तक्रार करायची ती कुणाविरुद्ध? प्रश्न साधा वाटतो, पण तो आपल्या चळवळीच्या मुळापर्यंत जातो. जे सर्वांना खुलं आहे, ते सर्वांचं असतं का?

जरा मागं जाऊ. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या, चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर खुलं! प्रत्यक्षात आपली ओंजळ कोरडीच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पाण्याला हात लावायला गेले तेव्हा कुठं कळलं, की ठरावातलं खुलं आणि जगण्यातलं खुलं यांत किती अंतर असतं. हाच अनुभव पुढं संविधानाच्या पंधराव्या कलमात उतरला. तिथं विहिरी, तलाव, घाट यांच्या रांगेतच रस्ते आहेत, आणि सरकारी पैशाचा उल्लेखही आहे. सूत्र सरळ आहे. पैसा सर्वांचा, तर वापरही सर्वांचा.

आता हे सूत्र आपल्या डांबरी सडकेला लावून बघा. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती धंदे सोडून इतर कामं करणाऱ्यांची मोजणी झाली. शंभरातले बावीसेक जण कामावर पायी जातात, तेराएक सायकलनं. शेतावर जाणारी बाई, तेंदूपत्त्याला निघालेलं कुटुंब, मोहफुलाची टोपली घेतलेली आजी, यांना त्या हिशेबात धरलेलंच नाही. तरी आकडा शंभरात पस्तीस! ही माणसं चप्पल घेतात तेव्हा चपलेवरही कर भरतात. त्या पैशातून रस्ता रुंद होतो. ट्रकसाठी होतो, मोटारीसाठी होतो. पायांच्या वाट्याला काय? कडेची नाली आणि धूळ. तिथून खाली उतरावं तर झुडपं. आणि ब्रह्मपुरी-ताडोब्याकडं झुडपात काय बसलेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

कुणी म्हणेल, सरकारनं सायकल तर दिली ना? दिली. आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते, 2022 पासून तिच्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. ही गोष्ट लहान नाही. बिहारमधी 2006 पासून मुलींना सायकली दिल्या, तर मुलींचं हायस्कुलात जाणं वाढलं, हे अभ्यासातून दिसलं आहे. पण सायकल देणं आणि सायकलीला वाट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायकल देताना फोटो निघतो, आभार मानावे लागतात. कडेच्या दोन हात वाटेचा फोटो निघत नाही, तिच्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. ती हक्काची असते. व्यवस्थेला दान आवडतं, हक्क आवडत नाही, तो असा.

आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता चिडून म्हणेल, "बाबासाहेबांनी आपल्याला पुढं जायला सांगितलं. जग मोटारीत बसतंय, तुम्ही पायवाट काय मागता? आम्ही पायीच राहायचं का?" हा राग खोटा नाही. पण त्याला चाळीसगाव आठवावं लागेल. 1929 साली बाबासाहेब तिथं गेले. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. महारवाडा पायी जाण्याइतका जवळ, पण आपल्या साहेबांनी पायी यावं हे वस्तीतल्या माणसांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी टांगा भाड्यानं घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हतं असा आपलाच माणूस बसवला. टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं, की प्रतिष्ठा जपायच्या नादात जीव धोक्यात घातला गेला. अपमान पायी चालण्यात नसतो, मित्रा. चालणाऱ्याचा जीव स्वस्त धरण्यात असतो.

पैसा नाही असं म्हणू नका. 2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या तीस टक्के, लिलावातल्या नव्या पट्ट्यांना दहा टक्के रक्कम तिथं भरावी लागते. चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड, यांचा हा पैसा. तो खाणीनं बाधित झालेल्या माणसांसाठी आहे. मग ज्या ट्रकनं पोरीला रस्त्यावरून खाली उतरवलं, त्याच ट्रकमधल्या मालाच्या पैशातून तिची वाट का होऊ नये? जंगल आडवं येतं म्हणाल, तर 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आतली वनजमीन रस्त्यासाठी देता येते. आणि 14 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण निवेदनं दिली ती समाजमंदिरासाठी, कमानीसाठी. दिली ते बरंच केलं. दलित वस्तीच्या निधीतून वस्तीत सिमेंटचा रस्ताही आला. पण तो वस्तीच्या तोंडाशी संपतो आणि शाळा त्याच्या पुढं आहे. तिथून पुढं पोरगी कशी जाते, हे आपणही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली असेल, कारण आता आपल्याकडं मोटारसायकल आहे.

16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. मोटार कुणाकडं होती तेव्हा? जो समाज पायी चालत उभा राहिला, त्यानं पायांना विसरू नये. येत्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा. शाळा, दवाखाना आणि वस्ती यांच्यामधी डांबराच्या कडेनं पायांची आणि सायकलची वाट हवी, झुडपं छाटलेली, नाल्यावर लहान पूल असलेली. मेहेरबानी म्हणून नको. पैसा आमचाही आहे, म्हणून हवी.

भाचीची सायकल अजून भिंतीला टेकून उभी आहे. तिला गंज चढायच्या आत हे काम व्हायला पाहिजे.

जय भीम.