न जन्मलेल्यांचें देणें

मनुष्य आपल्या पश्चात् काय ठेवून जातो यावरून त्याची योग्यता ठरवावी, असें आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. परंतु ती ठेव ज्याच्या पदरांत पडावयाची, त्यास ती हवी आहे काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. कै. शेखर बसू यांच्या आयुष्यक्रमाकडे पाहतां हा प्रश्न टाळणें आम्हांस अशक्य वाटतें.

बसूंचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून १९७४ सालीं ते यंत्रशास्त्राचे पदवीधर झाले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रांत शिरले. अणुपाणबुडीची भट्टी सिद्ध करणाऱ्यांचे ते अग्रणी होत. पुढें न्यूक्लिअर रीसायकल बोर्डाचे मुख्याधिकारी या नात्यानें ट्रॉम्बे, तारापूर व कल्पाक्कम येथील जळक्या इंधनाची पुनःप्रक्रिया आणि किरणोत्सर्गी अवशेषांची व्यवस्था यांचा भार त्यांच्यावर आला. त्यानंतर केंद्राचें संचालकपद व अणुऊर्जा आयोगाचें अध्यक्षपदही त्यांनीं भूषविलें; २०२० च्या सप्टेंबरांत करोनाच्या साथींत ते निवर्तले. लोकांच्या स्मरणांत राहिली ती पाणबुडी. पाणबुडी चालली कीं नाहीं याची परीक्षा करणाऱ्याच्या हयातींत होते. अवशेषांची राखण करणाऱ्याचें यश मात्र कांहींएक न घडण्यांत आहे, आणि त्याचे परीक्षक अद्यापि जन्मास यावयाचे आहेत!

हे अवशेष म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगावयास हवें. भट्टींतून निघालेलें इंधन अम्लांत विरघळवून त्यांतील युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. मागें जो द्रव उरतो, त्यांत किरणोत्साराचा बहुतेक सर्व अंश एकवटलेला असतो. हा द्रव पोलादी टाक्यांत भरून थंड ठेवावा लागतो, आणि टाकीवर अहोरात्र माणसाचा डोळा असावा लागतो. त्यांतील सीझियमचें तेज तीस वर्षांत निम्मे होतें. प्लुटोनियमचा जो लेश चुकून मागें राहतो, त्याचें तेज निम्मे होण्यास चोवीस हजार वर्षें लागतात.

आमच्या भंडारा जिल्ह्यांत अणुभट्टी नाहीं. परंतु एका पिढीनें केलेलें काम दुसरीनें राखावयाचें म्हणजे काय, याचा अनुभव या जिल्ह्याइतका थोड्यांस असेल. कोहळी समाजानें येथें शेंकडों तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटलानें घातला अशी परंपरा आहे (तो भाग १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत मोडतो). दरसाल पाळ दुरुस्त करणें, गाळ काढणें, पाणी वांटणें हीं कामें बापाकडून मुलाकडे जात राहिलीं. पुढें १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाली. ती व्हावयासच हवी होती, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संदेह नाहीं. परंतु तलाव सरकारच्या दफ्तरांत गेले, त्यांची काळजी वाहणारा घरधनी उरला नाहीं, आणि एका मनुष्याच्या आयुष्यांत कित्येक तलाव गाळानें भरून आले. यांत कोणाचाही दुष्टावा नव्हता. आणि लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, तलाव राखणाऱ्यास त्या श्रमांचें फळ धानाच्या रूपानें प्रतिवर्षीं मिळत होतें. असें असूनही राखण तीन-चार पिढ्यांपलीकडे टिकेल याची हमी कोणास देतां आली नाहीं. मग ज्यास आपल्या दिव्याचा उजेड कधींच मिळावयाचा नाहीं, त्यानें आपली टाकी हजार वर्षें राखावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायानें करावी?

कोणी म्हणेल, मग ही भट्टीच पेटवूं नये. हा पक्ष दिसतो तितका निष्पाप नाहीं. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या विजेवर आमच्या घरांतील दिवे लागतात, आणि त्या कोळशाच्या राखेंतही पारा व सोमल यांचा अंश असतोच. त्यांचें विष कालगतीनें निम्मेही होत नाहीं! त्या राखेच्या ढिगाविषयीं पुढील हजार वर्षांची चिंता करणारा तत्त्ववेत्ता अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं.

तेव्हां कांहींच मागें न ठेवणें हें कोणाच्याच हातीं नाहीं. विचार करावयाचा तो एवढाच कीं, मागें ठेवलेली वस्तू पुढच्या मनुष्याकडून किती दक्षता मागते. या दृष्टीनें पाहतां बसू व त्यांचे सहकारी यांच्या कामाचें मर्म काचेंत आहे. तारापूर व ट्रॉम्बे येथें हा द्रव काच होणाऱ्या द्रव्यांशीं वितळवून पोलादी डब्यांत ओततात. टाकी फुटते, गळते. काच पुरती निष्काळजी पिढीही कांहीं काळ सोसूं शकते. ही विद्या एका मनुष्याची नव्हे, आणि बसूंच्या पूर्वींच तिचा आरंभ झाला होता. परंतु तिचें कारखान्यांत रूपांतर करण्यास त्यांच्यासारखा खटपटी अभियंताच लागतो.

हे डबे पुढें खोल खडकांत पुरावे, असा बेत आहे. १९८० नंतरच्या दशकांत कोलारच्या सोन्याच्या खाणींत, सुमारें हजार मीटर खोल, उष्णतेनें खडकाचें काय होतें हें पाहण्याचे प्रयोगही झाले. फिनलंडनें ओन्कालो येथें सुमारें चारशें मीटर खोल भुयारें खोदलीं आहेत. आपल्याकडे असें कायमचें स्थान अद्यापि झालेलें नाहीं. आम्हांस या विलंबाचा फारसा विषाद वाटत नाहीं. कारण याच अवशेषांतून सीझियम वेगळा काढून, त्याच्या काचेच्या कांड्या करून, रुग्णांस द्यावयाचें रक्त निर्धोक करण्याकडे त्यांचा उपयोग भाभा केंद्रानें केला आहे. भुयाराचें तोंड आज कायमचें लिंपावें, तर पुढच्यांचा भार उतरतो खरा, पण त्यांची मिळकतही आपणच पुरून टाकतों. उघडें ठेवावें, तर पुन्हा राखणदार आला. आमचा कल उघडें ठेवण्याकडे आहे. मात्र तो एका अटीवर, कीं ही विद्या शिकणारे मिळत राहावेत. विज्ञानशाखेकडे जाणाऱ्या आमच्या हुशार विद्यार्थ्यांस आम्ही वेळोवेळीं विचारून पाहिलें आहे. यान उडवावें, भट्टी रचावी असें म्हणणारे पुष्कळ भेटले; राखण करूं इच्छिणारा अजून भेटावयाचा आहे.